आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सेवा क्लबने नेमके काय करावे?

नीलमोहर_ठाणे | २ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

नमस्कार. ठाण्यातील एका सेवा क्लबची मी सभासद आहे. येत्या १ जुलैपासून नवे कार्यकारी मंडळ सूत्रे हाती घेईल आणि शिक्षण समिती माझ्याकडे येणार आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि विक्रमगड तालुक्यांतील आदिवासी विद्यार्थ्यांना आमच्या क्लबने आजवर वह्या, दप्तरे, ब्लँकेटे आणि सायकली दिल्या आहेत. एका आश्रमशाळेत पाणी शुद्ध करणारे यंत्रही बसवले आहे. या वर्षी साधारण साडेचार लाख रुपये हाताशी असतील. मंडळातील बहुतेकांचा कल दोन शाळांत डिजिटल वर्गखोल्या करून देण्याकडे आहे, कारण अशा खोलीचे उद्घाटन करता येते, तिच्यावर फलक लावता येतो आणि वार्षिक अहवालात ती उठून दिसते. हे मी उपहासाने लिहीत नाही. देणगीदारांना त्यांचे पैसे कुठे गेले ते दाखवावे लागते, हे मलाही मान्य आहे.

माझी शंका एवढीच आहे की, इतकी वर्षे आम्ही जे देत आलो त्यामुळे एखादे मूल दहावीच्या पुढे गेले का, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. ज्यांनी अशा शाळांत शिकवले आहे, जे स्वतः तिथे शिकले आहेत किंवा ज्यांच्या क्लबांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया स्पष्ट लिहावे.

हिशेबनीस | २ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

रक्कम कोणत्या तारखेपर्यंत खर्च करायची आहे, ते आधी सांगा. पुढचा सगळा सल्ला त्यावर अवलंबून आहे.

नीलमोहर_ठाणे | २ फेब्रुवारी, सकाळी १०:२२

पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत. त्यानंतर अध्यक्ष बदलतात आणि नव्या अध्यक्षांचे प्राधान्यही बदलते.

चष्मिष्ट | २ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

सर्व पदाधिकाऱ्यांची नावे मावतील एवढी भिंत शाळेला आहे का, याची पाहणी आधी करून घ्यावी. आमच्या गावातील शाळेच्या पाण्याच्या टाकीवर इतका मोठा फलक आहे की, टाकी गळू लागली तेव्हा भेग नेमकी कुठे पडली हे शोधण्यासाठी तीन माजी अध्यक्षांना खाली उतरवावे लागले.

निवृत्त_मास्तर | २ फेब्रुवारी, दुपारी २:१५

नीलमोहर ताई, माझी बहुतेक नोकरी शासकीय आश्रमशाळांत झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. त्या आदिवासी विकास विभागाकडे आहेत, जिल्हा परिषदेकडे नाहीत, आणि त्यांचा कारभार एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या कार्यालयांतून चालतो. मूल तिथेच राहते, जेवते आणि शिकते. गणवेश, साबण, तेल, लेखनसाहित्य यांचा खर्च शासनानेच करायचा आहे आणि त्यातील बऱ्याच गोष्टींची रक्कम काही वर्षांपासून थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली आहे. त्यामुळे तुम्ही दप्तर देता तेव्हा शासनाने ज्याचे पैसे द्यायचे आहेत तीच वस्तू पुन्हा देता. पैसे उशिरा येतात हे खरे आहे, परंतु मग मदत उशिराच्या त्या काळात पोहोचली पाहिजे. ती येते डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा हवा चांगली असते आणि रस्ते कोरडे असतात.

डिजिटल वर्गाविषयी बोलायचे तर मी शेवटची काही वर्षे ज्या शाळेत होतो, तिथे असा एक संच आला होता. पहिल्या पावसाळ्यात विजेचा दाब वर-खाली होऊ लागल्यावर मुख्याध्यापकांनी तो कपाटात ठेवून कुलूप लावले, कारण तो जडवस्तू नोंदवहीत चढला होता आणि बिघडला असता तर उत्तर त्यांनाच द्यावे लागले असते. त्यांना दोष देता येत नाही. दुरुस्तीची तरतूद देणगीत नव्हती आणि शाळेच्या खर्चातही नव्हती. त्याच वर्षी नववी-दहावीला गणित शिकवणारा शिक्षक मात्र तासिका तत्त्वावर होता आणि सहामाहीनंतर तो दुसरीकडे गेला.

मधुमालती | २ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

मास्तरांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण वस्तू देण्याला इतके कमी लेखू नये असे मला वाटते. आमच्या महिला मंडळाने आठवी ते दहावीच्या मुलींना सायकली दिल्या. ज्या मुलींची शाळा सातवीनंतर सुटली असती, त्यांतील काही मुली पाच-सहा किलोमीटरवरच्या हायस्कुलात जाऊ लागल्या. हे मी स्वतः पाहिले आहे.

घाटवळण | २ फेब्रुवारी, सायंकाळी ५:१०

मधुमालती ताई, सायकलीचा उपयोग रस्त्यावर ठरतो. डहाणू, तलासरीच्या सपाटीवर ती उत्तम आहे. मोखाड्याकडच्या चढ-उतारावर आठवीतील मुलगी ती अर्धा वेळ ढकलतच नेते. शिवाय मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळतात, त्याच कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्याही आहेत आणि बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. प्रश्न असतो तो गाडी पाड्यापासून दोन-तीन किलोमीटर अलीकडेच वळते याचा. जिथे सायकल खरोखर चालते, तिथे तिच्याबरोबर हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे सामान आणि एक जादा साखळी द्यावी, आणि गावातील एका मुलाला दुरुस्ती शिकवावी. शाळेच्या पडवीत केवळ ट्यूब नाही म्हणून उभ्या असलेल्या सायकली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्या सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा काढलेले नसते.

सूर्याकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी वारली आहे. डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर वाढलो, दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलो, नंतर पदविका आणि मग अभियांत्रिकीची पदवी घेतली. आता नवी मुंबईत नोकरी करतो. या धाग्यावर आतापर्यंत देणाऱ्यांनी लिहिले आहे, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

शाळेत असताना क्लबवाले दर वर्षी यायचे. ते आले की आदल्या दोन दिवसांत अभ्यास नसे. मैदान झाडणे, चुन्याच्या रेघा मारणे आणि तारपा नाचाचा सराव चालू असे. तारपा आमच्याकडे भात तयार झाल्यावर, रात्री, मोठ्यांबरोबर नाचायचा असतो. इथे तो सकाळी अकरा वाजता, गणवेशात, पाहुण्यांची भाषणे संपेपर्यंत उन्हात थांबून नाचावा लागे. ब्लँकेट उबदार होते, हे नाकारत नाही. मात्र ते हातात घेऊन कॅमेऱ्याकडे पाहायचे असते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षापासूनच पाठ झाले होते.

खरी अडचण दहावीनंतर सुरू झाली. आश्रमशाळेत सगळे वाईट का असेना, पण आयते होते. बाहेर पडल्यावर प्रत्येक गोष्ट कागदावर आली. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतो. शासकीय वसतिगृहाची यादी त्यानंतर लागते. वसतिगृह मिळाले नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. तिच्यातून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, परंतु ते हप्त्यांनी मिळतात आणि पहिला हप्ता कधी येईल हे कोणी सांगत नाही. भारत सरकार शिष्यवृत्तीचेही तसेच. खोलीमालकाला अनामत आजच द्यायची असते, खानावळीला महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे असतात, आणि काही महाविद्यालये ‘शिष्यवृत्ती आल्यावर परत करू’ असे सांगून शुल्क आधी भरून घेतात. माझ्याबरोबर शहरात आलेल्यांपैकी जे परत गेले, ते नापास होऊन गेले नाहीत. ते गणपतीच्या सुट्टीत घरी गेले आणि भाड्याचे पैसे नसल्यामुळे परत आले नाहीत.

तुम्ही विचारता की उपयोग कशात आहे. जुलै ते डिसेंबर या काळात आठ-दहा हजार रुपये वेळेवर देणारे कोणीतरी असण्यात आहे. त्याच्याइतकाच तो जात वैधता प्रमाणपत्राचा, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याची पडताळणी करून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा, प्रस्ताव अकरावीतच नीट भरून घेणारे कोणीतरी असण्यात आहे.

चष्मिष्ट | २ फेब्रुवारी, रात्री ९:४५

टाकीवरचा माझा विनोद आता मलाच थोडा स्वस्त वाटू लागला आहे. सूर्याकाठ, लिहीत राहा.

सातपुडा | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगावचा. सूर्याकाठ यांनी दहावीनंतरचे लिहिले आहे, पण आमच्या भागात दहावीपर्यंत पोहोचणे हीच मोठी मजल आहे. दिवाळीनंतर माणसे उसाच्या तोडीला गुजरातमध्ये जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली मुलगी बरोबर जाते आणि होळीला परत येते, तेव्हा वर्ग खूप पुढे गेलेला असतो. तुमच्या पालघर-रायगडकडे कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तेच चित्र आहे. या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती वेळेत सुरू झाली तरच कामाची, कारण कुटुंब ट्रकमध्ये चढल्यानंतर मंजुरी येऊन उपयोग नसतो.

नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या बुडितातील गावांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या, त्यात शिक्षक बहुतेक तिथलेच तरुण होते आणि पहिली-दुसरीचे शिकवणे मुलांच्या बोलीतून सुरू झाले. पैशांची कायम ओढाताण असूनही त्या चालल्या, कारण शिक्षक रात्री गावातच असायचा. क्लबांनी स्थानिक माणसाच्या मानधनावर खर्च करावा, असे माझे मत आहे. देणगीदारांना मानधन आवडत नाही, हे मला माहीत आहे.

निवृत्त_मास्तर | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

सातपुडा, अगदी योग्य बोललात. आमच्या पालघर जिल्ह्याला तर याची जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी अंगणवाडी पाड्याच्या अंगणात भरवली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अलीकडच्या काळात वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या, त्यातही भट्टीवरच वर्ग भरत असे. हे सर्व करणारे वर्षानुवर्षे तिथेच राहिले. क्लबाचा अध्यक्ष बारा महिन्यांचा असतो, हीच मोठी अडचण आहे.

कॅलगरीकर | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

मी कॅनडात असतो. इथे आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा इतिहास फार भयंकर आहे. सुमारे दीड लाख मुलांना घरापासून तोडून या शाळांत ठेवले गेले, त्यांना त्यांची भाषा बोलू दिली नाही आणि शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यात शिक्षणावर बराच भर आहे. त्यामुळे इथल्या एखाद्या सेवा क्लबला आदिवासी विद्यार्थ्यांसाठी काही करायचे झाले तर त्या समाजाच्या परिषदेला विचारल्याशिवाय पाऊल टाकणे आता शिष्टसंमत राहिलेले नाही. आश्रमशाळा म्हटले की माझ्या मनात तीच भीती येते. मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेला आपण बळ देत आहोत का, याचाही विचार व्हावा. आर्थिक मदत इथून पाठवायला मात्र मी तयार आहे.

सूर्याकाठ | ३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

कॅलगरीकर, तुमची काळजी समजते, पण ही तुलना मला पटत नाही. माझ्या आईने मला स्वतः नेऊन आश्रमशाळेत घातले. तिथे दोन वेळा जेवण होते आणि पाड्यावर चौथीच्या पुढे वर्ग नव्हता. आम्हाला कोणी पकडून नेले नाही आणि आम्ही दर सुट्टीत घरी जात होतो. वारली बोलल्याबद्दल हसणारे शिक्षक होते, तसे वारली शिकून घेणारेही एक होते. आश्रमशाळा बंद कराव्यात असे माझ्या ओळखीतील एकही पालक म्हणत नाही. तिथे शिक्षक असावेत, आजारी मुलाला वेळेवर दवाखान्यात न्यावे आणि मुलींच्या वसतिगृहाच्या दाराला आतून कडी असावी, एवढे ते म्हणतात.

समाजाला विचारून काम करावे, हा तुमचा मुद्दा मात्र अगदी खरा आहे. आमच्या शाळेला काय हवे, हे क्लबाने मुख्याध्यापकांना विचारल्याचे मला आठवते. पालकांना विचारलेले आठवत नाही.

कॅलगरीकर | ३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

दाराच्या कडीचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नसता. धन्यवाद.

हिशेबनीस | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

आता पैशांचे बोलू. मी काही क्लबांच्या न्यासांचे लेखापरीक्षण करतो.

कॅलगरीकर, तुम्ही भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असाल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, आणि मग घेणाऱ्या न्यासाकडे विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तेव्हा आधी पारपत्र पाहा.

नीलमोहर ताई, रोटरीच्या जागतिक अनुदानाचा विचार कोणी सुचवला तर त्यासाठी प्रकल्पाचा किमान आराखडा ३०,००० डॉलरचा लागतो, त्यामुळे तुमच्या रकमेला तो मार्ग बसत नाही. साडेचार लाखांत सूर्याकाठ म्हणतात तसा आधारनिधी मात्र उभा राहतो. क्लबाने तीन वर्षांचा ठराव आताच करावा, रक्कम न्यासाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि तिच्यावर सही करणाऱ्यांत किमान दोन माणसे अशी असावीत की जी अध्यक्ष बदलला तरी बदलणार नाहीत. हेतू ठरवून निधी स्वतंत्र केला तर ३० जूनपर्यंत पैसे संपवलेच पाहिजेत, हा बहुतेक क्लबांचा समज आहे, नियम नाही. तुमच्या न्यासाची घटना मात्र तपासून घ्या.

शुल्क आणि खानावळीचे पैसे शक्यतो थेट महाविद्यालयाला आणि खानावळीला द्यावेत. शिष्यवृत्ती आल्यावर विद्यार्थ्याने रक्कम परत करावी, म्हणजे ती पुढच्या मुलाला वापरता येईल.

सूर्याकाठ | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१५

हिशेबनीस, परतफेडीची सक्ती करू नका. आमच्या घरांत उचल म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक आहे. कर्ज असे म्हटले की हुशार मुलगी अर्जच करणार नाही, तिचे वडील तिला करू देणार नाहीत. देता आले तर द्यावे, एवढे म्हणा.

थेट खानावळीला पैसे देण्याचेही तसेच आहे. निदान थोडी रक्कम मुलाच्या हातात असू द्या. एसटीचे भाडे, झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्राचा खर्च यांची पावती प्रत्येक वेळी आणता येत नाही.

हिशेबनीस | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:५०

सक्तीचा मुद्दा मागे घेतो. रोख रकमेवर मर्यादा असावी, या मतावर मात्र मी कायम आहे. महिन्याला हजार रुपयांपर्यंत विनापावती चालावे, त्यापुढे नाही.

मधुमालती | ३ फेब्रुवारी, रात्री ८:२०

आणि देणगीदारांना काय दाखवायचे? मी खोचून विचारत नाही. आमच्या मंडळातील निम्म्या देणग्या शाळेची भेट झाल्यानंतरच येतात. मुलांना न भेटता पैसे द्या असे सांगितले तर पुढच्या वर्षी तिजोरी रिकामी असेल.

घाटवळण | ३ फेब्रुवारी, रात्री ८:५५

भेट द्यावी, पण रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी. चार जणांनी जावे, एका वर्गात मागच्या बाकावर बसावे, मुलांबरोबर तेच जेवण जेवावे आणि स्वागत नको असे आधी लेखी कळवावे. ज्या देणगीदाराला एवढे पुरत नाही, त्याला टाकी बांधू द्यावी. चष्मिष्ट फलकाची जागा दाखवतील.

नीलमोहर_ठाणे | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:००

सर्वांचे आभार. मंडळापुढे मी डिजिटल वर्गांऐवजी पुढील प्रस्ताव ठेवणार आहे. तीन वर्षांसाठी साडेतीन लाखांचा आधारनिधी ठेवावा, तो दोन आश्रमशाळांतून दहावी आणि बारावी झालेल्या मुलांसाठी असावा आणि निवड समितीत दोन पालक आणि त्याच शाळांचा एक माजी विद्यार्थी असावा. उरलेल्या एक लाखात विक्रमगडच्या एखाद्या पदवीधर तरुणीला अर्धवेळ मानधन द्यावे. दाखले, बँक खाते, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि वैधतेचे प्रस्ताव तिने पाहावेत. मधुमालती ताईंची शंका रास्त आहे आणि मंडळातही ती येणारच. तिच्यावर मी घाटवळण यांची सूचना मांडेन, विरोध झाला तरी.

सूर्याकाठ, या तरुणीने सुरुवात कशापासून करावी?

सूर्याकाठ | ४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

नावांपासून. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरात दुसरे आणि बँकेच्या पासबुकात तिसरे, असे आमच्यात सर्रास असते. कुठे आडनाव नसते, तर कुठे वडिलांच्या नावात एक अक्षर कमी असते. अर्ज तिथेच अडकतो आणि मुलाला ते चार महिन्यांनी कळते. दहावीचा दाखला निघण्याआधी दुरुस्ती झाली तर सोपे जाते. नंतर परीक्षा मंडळाकडे जावे लागते.

दुसरे म्हणजे वैधतेसाठी वडिलांकडच्या नात्यातील ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो. आजोबा शाळेत गेलेले नसतात, त्यामुळे दाखला नसतो. मग जुना सातबारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद तहसील कार्यालयातून काढावी लागते. नात्यात कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर काम फार हलके होते, म्हणून तिने पाड्यावर जाऊन आधी तेच विचारावे. पहिल्या वर्षी मी तिच्याबरोबर दोन-तीन शनिवार येऊ शकतो.

निवृत्त_मास्तर | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

ताई, जुलैची वाट पाहू नका. दहावीची परीक्षा याच महिन्यात सुरू होते. शेवटचा पेपर झाला की मुले त्याच दुपारी पेट्या उचलून पाड्यावर जातात, आणि निकालापर्यंत त्यांना गाठणे कठीण असते. आश्रमशाळेत जाण्यासाठी प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. तिचा अर्ज आजच करा, त्यात तरुणीचे नाव नंतर कळवू असे लिहिले तरी चालते, आणि मुलांच्या नावांची यादी वर्गशिक्षकांकडून घ्या, कार्यालयाकडून नको.